जुनं दुखणं आणि डेंटिस्टची खुर्ची: तुमचे अनुभव लिहा

मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार, ९ वर्षं झाली. दाढ दुखायला लागली की दाढेपेक्षा धसका त्या खुर्चीचा बसतो. पाऊण तास मान मागे टाकून, आ वासून पडायचं, मग दाढ बरी होते पण मान, खांदे, कंबर पुढचे तीन-चार दिवस ठणकत राहतात आणि घरचे म्हणतात फिलिंगच तर केलंय ना. मागच्या वेळी मी फोनवर वेळ घेतानाच सगळं सांगून टाकलं, की सकाळी अंग आखडलेलं असतं तेव्हा ११ च्या आधी नको, आणि एका वेळी २० मिनिटांच्या वर नको. त्यांनी ऐकलं! गुडघ्यांखाली उशी, मानेखाली टॉवेलची गुंडाळी, आणि मी डावा हात वर केला की काम थांबवायचं असं आधीच ठरलं. हात दोनदाच वर केला, पण दोन्ही वेळा डॉक्टर खरंच थांबल्या, त्यानंतर माझ्या मुठी आपोआप सुटल्या.

३ महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर क्रॉनिक म्हणतात, आपल्यापैकी बऱ्याच जणांची त्यात वर्षं गेलीत. तुम्ही हे कसं निभावता ते लिहा, वाईट अनुभवसुद्धा.

----

माझा वाईटच आहे. उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची, दोन सेकंद, मग काहीच नाही, मग परत. दात घासताना, तोंड धुताना, नुसता वारा लागला तरी. सगळ्यांना दाढच वाटली, मलाही. रूट कॅनाल झालं, कळ तशीच. दाढ काढली, कळ तशीच, मग शेजारचीही काढली. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं की हे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आहे, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, दाढेचा संबंधच नव्हता. कार्बामॅझेपिनच्या गोळ्या सुरू केल्यावर आठवड्याभरात फरक पडला. दोन धडधाकट दाढा गेल्या याचं अजून वाईट वाटतं मला. म्हणून कळकळीने सांगते, एक्स-रेमध्ये काही सापडत नसेल आणि कळ अशी विजेसारखी असेल तर दाढ काढायच्या आधी न्यूरोकडे जाऊन या.

आता दातांच्या कामाला जाते तेव्हा आधीच सांगते, हवेचा फवारा मारू नका, कापसाने टिपा, पाणी कोमट घ्या, आणि त्या बाजूच्या ओठाला हात लावण्याआधी मला सांगा. आणि त्या दिवशी गोळीची वेळ अजिबात चुकवत नाही.

----

मला एहलर्स-डॅनलॉस आहे, म्हणजे सगळे सांधे नको तितके सैल. आमच्यात बऱ्याच जणांना भूल नीट लागत नाही, किंवा लागली तरी पटकन उतरते. हे मला विशी उलटल्यावर कळलं, तोपर्यंत प्रत्येक वेळी ओठ बधिर व्हायचा आणि दाढेत मात्र सगळं जाणवायचं, आणि मी ओरडलो की ‘भूल दिलीये, दुखणं शक्यच नाही’. लहान असताना मलाही वाटायला लागलं होतं की माझंच काहीतरी चुकतंय. आत्ताचे डॉक्टर भूल देऊन थांबतात, मग गारेगार कापसाचा बोळा दाताला लावून बघतात, काही जाणवलं नाही तरच ड्रिल हातात घेतात, जाणवलं तर आणखी देतात. जबडा निसटू नये म्हणून दातांमध्ये रबरी ठोकळा ठेवतात आणि मध्ये मध्ये तोंड मिटू देतात.

----

गोळ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मी रात्री दुखण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिनची गोळी घेते, तोंडाला सतत कोरड. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात हे मला चार फिलिंगनंतर समजलं. आता जास्त फ्लोराइडची पेस्ट डॉक्टरांनी लिहून दिलीये, घासून झालं की नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही. आणि जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्या, हाडांसाठीची औषधंसुद्धा लिहा, त्यातल्या काहींमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड नीट भरत नाही.

----

आईला संधिवात, मानेतही आहे. तिची मान मागे झुकवू देत नाही आम्ही, खुर्ची अर्धवटच टेकवायला सांगतो. बोटं वळत नाहीत म्हणून ब्रशच्या दांड्याला फोमची नळी चढवली, आता स्वतःचं स्वतः घासते.

----

ताई, परवा माझी रूट कॅनालची पहिली बैठक आहे आणि दोन रात्री झोप नाही. हे सगळं वाचून आत्ताच क्लिनिकला फोन केला, उशीचं विचारलं, हात वर करायचंही सांगितलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, घरची उशी आणलीत तरी चालेल, आणि दिवसातली शेवटची वेळ देते म्हणजे मागे कोणी ताटकळत नसेल. फोन ठेवून रडूच आलं. उशी पिशवीत भरून दाराशी ठेवलीये.