घासातली अमरवेल आणि बोरीवरची अमरवेल एकच का? कशी ओळखायची, भिंग आणि पुस्तक पण सुचवा

माणदेशी:
नमस्कार मंडळी. आमच्या लसूणघासात जागोजागी पिवळ्या बारीक दोऱ्यांचं जाळं पसरलंय, घास खाली पिवळा पडून बसतोय. बांधावरच्या बोरीवर पण अमरवेल आहे, पण ती चांगली जाड, हिरवट पिवळी, आणि वडिलांना आठवतंय तेव्हापासूनची. आता घरचे म्हणतात बोरीवरूनच घासात उतरली, बोर तोडून टाका. मला काय ते पटत नाही. बोर चांगली आहे आणि मला ह्या दोन वेगळ्याच वाटतात. ॲपवर फोटो टाकले तर दोन्हीला एकच नाव आलं. तर घरबसल्या फरक कसा बघायचा, भिंग कुठलं घ्यावं, मराठी-इंग्रजी कुठलंही चालेल पण पुस्तक कुठलं, आणि घासाचं काय करू?

पानफूल:
बोर तोडू नका प्लीज! आधी फुलं बघा. अमरवेलीला पानं नाहीत, रंग उन्हावर आणि यजमानावर (ज्या झाडाचा रस शोषून ती जगते त्यावर) बदलतो, त्यामुळे नुसत्या दोऱ्याच्या फोटोवरून ॲप काय आणि माणूस काय, नाव सांगूच शकत नाही. ओळख सगळी फुलात आणि बोंडात आहे.

१० पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं चालतं. ३० पट ४० पट लिहिलेली स्वस्तातली घेऊ नका, नजरेचा टप्पा एवढा लहान होतो की शेतात फूल सापडतच नाही त्यात.

आता एक ताजं फूल घ्या, सुईने पाकळ्यांची नळी उभी फाडा आणि मधल्या बीजकोषाच्या डोक्यावर बघा. बोरीवरची जाड वेल बहुतेक कस्कुटा रिफ्लेक्सा असणार, तिच्यात कुक्षीवृंत म्हणजे वरचा दांडा एकच असतो, आखूड जाडसर, आणि त्यावर दोन कुक्षी, म्हणजे पराग धरणारी टोकं. फूल पांढरं, घंटेसारखं, मोठं, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, वास पण छान येतो. घासातलीला फुलं बारकी, २-३ मिलिमीटरची, गच्च गोळ्यांनी लागलेली असतील आणि दांडे दोन सुटे दिसतील, प्रत्येकाच्या टोकाला गोल टाचणीच्या डोक्यासारखी कुक्षी. एक दांडा की दोन, एवढ्यावर तुमच्या बोरीचा निकाल लागतो. दोन दांडे निघाले तर ही जातच वेगळी, बोरीवरून उतरलेली नाही.

समुद्रवारा:
आमच्या कोकणात अजून एक घोळ आहे म्हणून लिहिते, विषय तुमच्या घासाचा नाही तरी कामाला येईल कुणाच्या. किनाऱ्यावर वाळूत मर्यादवेलीवर, निरगुडीवर जे दोरे पसरलेले दिसतात ते पुष्कळदा अमरवेल नसतातच, ती कॅसिथा. इकडे तिला पण आकाशवेल, अमरवेलच म्हणतात. ती दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली, आणि अमरवेल मर्यादवेलीच्या, रताळ्याच्या कुळातली, म्हणजे दोघींचा नात्याने काही संबंध नाही, फक्त जगण्याची रीत सारखी. कॅसिथाचा दोरा चिवट असतो, तारेसारखा, तुटता तुटत नाही, कोवळा असताना लव असते, बऱ्याचदा हिरवा असतो, चुरगळला की थोडा मसाल्याचा वास येतो. फुलात सगळं तीनच्या हिशोबात, ६ दलं आणि ९ पुंकेसर. अमरवेलीचा हिशोब ४-५ चा. आणि कॅसिथाचं फळ गोल मण्यासारखं गरदार, आत एकच बी. अमरवेलीला सुकं बोंड, आत ४ पर्यंत बिया. फळ असेल तर भिंगाचीसुद्धा गरज नाही.

माणदेशी:
धन्यवाद दोघांना. बघितलं. घासातलीला दांडे दोनच आहेत, गोल टोकाचे. बोरीला सध्या फूल नाही. आता ही दोन दांड्यांवाली नक्की कुठली? एका जुन्या पुस्तकाच्या पीडीएफमध्ये बघितलं तर सगळं कस्कुटा चायनेन्सिसशी जुळतंय.

पानफूल:
ते जुळणारच, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. जुनं पुस्तक म्हणजे कुकचं मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं असावं, १९०१ ते १९०८ मधलं. पुस्तक सुंदर आहे, मी पण वापरते, पण घासातली जी नेहमीची उपद्रवी जात आहे, कस्कुटा कॅम्पेस्ट्रिस, मूळची उत्तर अमेरिकेतली, तिला हे नावच यंकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३२ साली दिलं. म्हणजे कुकच्या पुस्तकात ती त्या नावाने असायचा प्रश्नच नाही, दोन गोल टोकांचे दांडे दिसले की माणूस आपोआप चायनेन्सिसवर जाऊन थांबतो. भारतात कॅम्पेस्ट्रिसचे कितीतरी नमुने चायनेन्सिस नावाखाली नोंदले गेलेत ते असंच.

तुम्ही आता पिकलेलं बोंड बघा. कॅम्पेस्ट्रिसमध्ये वाळलेली पाकळ्यांची नळी बोंडाच्या खालच्या भागाला चिकटून राहते, वरचं बोंड उघडं दिसतं, थोडं चपटं. चायनेन्सिसमध्ये नळी पूर्ण बोंड गुंडाळून घेते आणि बोंड तळाशी गोल फिरून झाकणासारखं सुटतं, शिवाय निदलांच्या (पाकळ्यांबाहेरच्या पानांच्या) पाठीवर उभी कडा उठलेली असते, ती बोटाने नाही पण भिंगाने स्पष्ट दिसते. आणि गोखरू, पुनर्नव्यावर बारीक वेल दिसली तर ती तिसरी जात, कस्कुटा हायलिना, असू शकते, तिच्या पाकळ्या लांब टोकदार आणि नळीच्या आत पुंकेसरांखाली झालरीचे खवले नसतात. बाकी दोघींना ते खवले असतात.

नमुना सुकला असेल तर फुलं गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, साबणाचा एक थेंब टाका, परत फुलून येतात.

पुस्तक म्हणाल तर भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं महाराष्ट्राचं द्विदल वनस्पतींचं, २०००-२००१ चं. कुक सोबत ठेवा, एकटा नको. आणि त्यांचं पुण्यात केंद्र आहे, फूल आणि बोंड दोन्ही असलेला दाबलेला नमुना दाखवता येतो. कुठल्या झाडावर होती ते चिठ्ठीवर लिहा.

खुरपं:
ओळख होत राहील हो, पण घासात बी पडायच्या आत हात चालवा. जिथे गोल डाग दिसतोय तिथला घास वेलीसकट, डागाच्या थोडं बाहेरपर्यंत जमिनीलगत कापून जागेवरच जाळा, ओढत बांधावर नेऊ नका, तुकडा जरी हिरव्या घासावर पडला तरी परत चिकटतो. बोंड आलेला घास जनावराला घालू नका, बी पोटातून जिवंत निघतं आणि शेणखतातून सगळ्या रानात जातं. बी जमिनीत १० वर्षांहून जास्त टिकतं. बहुतेक ठिकाणी ही घासाच्या बियाण्यातूनच येते, दोन्ही बिया जवळपास सारख्या बारीक, चाळणीने पूर्ण सुटत नाहीत. मोठ्या बियाणे केंद्रांवर लोखंडाची पूड लावून चुंबकाने वेगळं करतात, अमरवेलीच्या बीचं साल खडबडीत असल्यामुळे पूड तिलाच धरते. म्हणून बियाणं घेताना अमरवेलमुक्त आहे का हे विचारून, पावती घेऊनच घ्या.

फार पसरली असेल तर घास मोडून ज्वारी, मका, बाजरी घ्या काही हंगाम. उगवलेल्या अमरवेलीला टिकणारं मूळ नसतं, थोड्या दिवसांत यजमान मिळाला नाही की मरते, आणि गवतवर्गीय पिकांवर तिचं सहसा जमत नाही. पेंडीमिथॅलिन हे तणनाशक उगवणीपूर्वी वापरतात पण प्रमाण लेबल बघून आणि कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच.

पानफूल:
खुरपं म्हणतात त्यात भर, २००६ मध्ये अमेरिकेत प्रयोग झाले होते, अमरवेलीचं कोवळं रोप वासावरून टोमॅटोकडे वळतं, गहू आणि टोमॅटो दोन्ही ठेवले तर टोमॅटोच धरतं. म्हणजे घासाच्या शेजारी टोमॅटो, मिरची असेल तर तिकडे पण चक्कर मारा.

माणदेशी:
बोंड बघितलं आत्ताच. नळी खालीच आहे, वरचा भाग उघडा, निदलाला कडा नाही. म्हणजे कॅम्पेस्ट्रिस. बोर वाचली. डाग उद्या सकाळी कापायला घेतो, एक नमुना कागदात दाबून ठेवलाय. मिरची पलीकडच्या वाफ्यातच आहे, ती पण बघतो. बोरीला फूल आलं की तिचा पण दांडा बघून इथेच लिहीन.