हवासाला (इथिओपिया) वर्षभर जातेय. तिथे माणसं कशी जोडायची?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी सांगलीची, नर्सिंग कॉलेजात मिडवायफरी शिकवते. सप्टेंबरपासून वर्षभर हवासाला चालले आहे, तिथल्या प्रसूती विभागातल्या मुलींना शिकवायला. पगार नाही, राहण्या-जेवणापुरता भत्ता आहे. व्हिसा, विमा सगळं संस्था बघतेय.

मला विचारायचंय ते रोजच्या जगण्याबद्दल. मी पूर्ण शाकाहारी, एकटी राहणार, तिथली अम्हारिक भाषा येत नाही. माझी एक सहकारी अशीच दुसऱ्या देशात जाऊन आली. वर्षभर परदेशी मंडळींमध्येच राहिली, तिथल्या एकाही माणसाच्या घरी जेवली नाही. मला तसं परत यायचं नाही. इथिओपियात कुणी राहिलं असेल तर सांगा, मैत्री होते का आणि कशी होते? आई रोज विचारते, "आजारी पडलीस तर तिथे कोण आहे तुझं?" तिला काय सांगू?

वाईची मावशी

अगं, खुशाल जा. मी 2021 आणि 22 मध्ये हवासातच होते. पन्नाशी उलटल्यावर लॅब टेक्निशियनचं शिकणाऱ्या मुलांना शिकवायला गेले होते. आईला आधी एवढं सांग की मुंबईहून आदिस अबाबाला थेट विमान आहे आणि आदिसहून हवासा पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. गाव तळ्याकाठी आहे, हवा छान. फिरायला रिक्षा आहेत आणि तिथे रिक्षाला "बजाज"च म्हणतात.

खाण्याची काळजी तर सोडूनच दे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी सलग 55 दिवस उपास करतात. त्या उपासाला मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या मऊ इंजेऱ्यावर, म्हणजे मोठ्या घावनावर, मसूर, पालेभाजी, बटाटा-गाजर आणि शिरो वाढतात. शिरो म्हणजे बेरबेरे मसाला घातलेलं पिठलंच. पण हवासात आणि सगळ्या सिदामा भागात प्रॉटेस्टंट जास्त, त्यांच्याकडे हे उपास नसतात. म्हणून हॉटेलात कुठल्याही वारी "ये-त्सोम आले?" असं विचार, म्हणजे उपासाचं आहे का. उपास नसलेल्या दिवशी शिरोतसुद्धा लोणी असू शकतं, त्याची तुला अडचण नाही, पण एकाच मोठ्या ताटात सगळे जेवतात, त्याच ताटात मटणही येतं. मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकलं की माझा जन्मभराचा त्सोम आहे. कुणी एका शब्दाने आग्रह केला नाही. उपास म्हणजे काय हे त्यांना नीट कळतं. उलट माझा घास आधी बाजूला काढून ठेवायच्या. कुणी हाताने घास तुझ्या तोंडात घातला तर तो घे, ती मायेची रीत आहे. त्याला गुर्शा म्हणतात.

आता मैत्रीचं. राहायला शक्यतो गावातल्या गिबीत खोली घे. एका फाटकाच्या आत मालकिणीचं घर, कडेने भाड्याच्या चार-पाच खोल्या आणि सगळ्यांना मिळून एक नळ. पाण्याच्या वेळेलाच निम्म्या ओळखी होतात. दुपारी कुणाकडे तरी कॉफी असते. हिरव्या बिया समोर भाजतात, धूप लावतात, जमिनीवर गवत पसरतात, सोबत मक्याच्या लाह्या. पहिला प्याला अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका, त्याच बियांवर पुन्हा पाणी घालून. बरका घेतल्याशिवाय उठू नकोस. तास-दीड तास जातो, घड्याळाकडे बघू नकोस. मला सुरुवातीला अम्हारिकची चार वाक्यं येत होती, तरी मी रोज जाऊन बसायचे. भाषा तिथेच बसून आली.

पण कॉफीने ओळख होते. आपलेपणा यायला त्यांच्या देण्याघेण्यात शिरावं लागतं, आणि हेच मला तुला कळकळीने सांगायचंय. दोन गोष्टी विचारून घे, इकूब आणि इदिर. इकूब म्हणजे आपली भिशी. इदिर गल्लीचा असतो, दरमहा वर्गणी भरायची आणि कुणाच्या घरी मयत झालं की तंबू, बाकं, भांडी, स्वयंपाक सगळं इदिरचं. मी मालकिणीला म्हटलं, मलाही घ्या, सगळ्यांइतकीच वर्गणी घ्या, जास्त नको. तिला आधी नवल वाटलं, मग तिने इदिरच्या वहीत माझं नाव घातलं. त्यानंतर कुणाकडे लेक्सो, म्हणजे सुतक असलं की मलाही हाक यायची. तिथे बोलावं लागत नाही. जाऊन बसायचं, उकडलेलं धान्य देतात ते घ्यायचं, भांडी घासू लागायचं. परदेशी बाई गल्लीतल्या मयताला येऊन बसली हे लोक विसरत नाहीत.

इकूबचंही सांगते. माझ्या शेजारच्या खोलीत इंडस्ट्रियल पार्कमधली मुलगी राहायची, शिलाईवर. हवासाचा हा पार्क 2016 चा. जानेवारी 2022 पासून अमेरिकेने इथिओपियाच्या मालावरची आयात शुल्कमाफी काढून घेतली, ऑर्डरी गेल्या आणि तिचंही काम गेलं. त्या महिन्यात इकूबच्या चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत, सगळ्यांनी ठरवून तिला पहिला नंबर दिला. त्यात माझा हप्ता इतरांइतकाच होता. मी एकटीने तिच्या हातात पैसे ठेवले असते तर ती माझ्या खोलीत यायची बंद झाली असती, असं मला अजून वाटतं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर: मला मलेरिया झाला तेव्हा मालकिणीने सकाळ-संध्याकाळ अत्मित करून पाजलं. ती ओटची पातळ पेज, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात. दवाखान्यात रात्री एकटीला कुणी ठेवलं नाही. गल्लीने पाळी लावली होती.

नाईल ते नीरा

मावशींचा अनुभव खरा असेल, पण दुसरी बाजूही सांगतो. मी आदिसमध्ये काम केलंय. स्वयंसेवकाचा भत्ता आपल्याला तुटपुंजा वाटतो, तिथल्या नर्सच्या पगारापुढे तो बराच असतो. जुलै 2024 मध्ये बिरचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, भाव बाजारावर सोडला, डॉलरला 57 च्या आसपास होता तो काही आठवड्यांत शंभरापुढे गेला. पगार काही त्या हिशोबाने वाढले नाहीत. त्यामुळे उसने पैसे मागणारे भेटतात आणि मैत्री कुठली, गरज कुठली हे कळेनासं होतं. शिवाय आपण वर्षाने निघून येतो. ज्यांनी असे चार-पाच स्वयंसेवक येऊन गेलेले पाहिलेत, त्यांनी पुन्हा का जीव लावावा?

आणि पिवळ्या तापाची लस जाण्याआधी किमान 10 दिवस घे, पिवळं कार्ड, म्हणजे त्या लसीचा दाखला, पासपोर्टसोबत ठेव. ते नसेल तर परत येताना भारतात विलगीकरणात बसवतात. आदिस उंचावर असल्याने तिथे मलेरिया नाही, हवासात आहे. मच्छरदाणी लाव.

वाईची मावशी

भाऊ, पैसे मागतात हे खरं आहे. मलाही मागितले. मी सरळ सांगायचे, एकटीने देणार नाही, विभागात सगळे काढतील त्यात माझे असतील. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, वर्गणी फिरतच असते. त्यात कुणी किती दिले हे सगळ्यांसमोर असतं, म्हणून मिंधेपणा राहत नाही. दोनदा असं सांगितल्यावर खासगीत मागणं थांबलं आणि नातं मात्र तसंच राहिलं.

जीव का लावावा, या प्रश्नावर मी तिथे खूप विचार केला. माझ्या विभागातली एक बाई पहिले तीन-चार महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायची. आधीचा स्वयंसेवक जाताना "लिहीन" म्हणून गेला आणि एक ओळ आली नाही, हे तिने नंतर सांगितलं. तिच्या मुलीच्या दहावीचा निकाल मला यंदा आला, फोटोसकट. मी दर एन्कुतताशला, म्हणजे 11 सप्टेंबरच्या त्यांच्या नववर्षाला, सगळ्यांना फोन करते. आपण निघून येणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. परत आल्यावर फोन उचलणं आपल्या हातात आहे, आणि पुढे जाणाऱ्या मुलींना तिथे दार उघडं मिळतं की बंद हे त्यावरच ठरतं.

कृष्णाकाठची

मावशी, डोळे भरून आले वाचताना. नाईल ते नीरा, तुमचंही पटलं, लसीचं उद्याच बघते. आता दोनच प्रश्न. भेट म्हणून काय नेऊ? आणि वॉर्डातल्या मुलींशी पहिल्या दिवशी कसं वागू, म्हणजे मी शिकवायला आलेय असं त्यांना टोचणार नाही?

वाईची मावशी

भेटी फार नकोत. घरच्यांचे छापलेले फोटो ने. आई, बाबा, भावंडं, घर, लग्नातले सगळे. कॉफीला बसलं की पहिले प्रश्न घरचेच येतात. तिथे आडनाव नसतं, आपलं नाव आणि पुढे वडिलांचं, म्हणून बाबांचं नाव नक्की विचारतील.

हात मिळवताना डावा हात उजव्या कोपराखाली धर, मोठ्या माणसांना तो मान वाटतो. वेळ ठरवताना दोनदा विचार: त्यांचं घड्याळ सूर्योदयापासून मोजतं, "तीन वाजता ये" म्हणजे आपले सकाळचे नऊ. पहिले पंधरा दिवस वॉर्डात त्यांच्यामागे उभी राहा, कसं करतात ते बघ आणि रात्रपाळी माग. रात्री दोन बाळंतपणं एकत्र केलीत की शिकवण्याचं आपोआप निघेल. बाळंतिणीच्या घरी गेन्फो, म्हणजे पिठाची घट्ट उकड, खायला बोलावलं तर नक्की जा. मधोमध खळगा करून त्यात बेरबेरे घातलेलं लोणी ओततात, तुला चालेल. आणि सिदामांचा फिचे-चंबलाला हा सण चुकवू नकोस. त्याची तारीख दरवर्षी जाणती माणसं आकाश बघून ठरवतात, म्हणून वॉर्डातल्या सिदामा मुलींना आधीच विचारून ठेव. त्या दिवशीचं बुरिसामे एन्सेटच्या, म्हणजे केळीसारख्या दिसणाऱ्या झाडाच्या, पिठाचं, दूध-लोणी घालून केलेलं असतं, पूर्ण शाकाहारी.

गिबीसाठी माझ्या मालकिणीला विचारते. एक खोली रिकामी होणार होती. तुझ्या संस्थेला बाहेर राहिलेलं चालतं का ते आधी विचारून इथेच लिही.