नाझींचे कायदेपंडित: नाइलाज की हौस?

तिरपागडा: ‘हिटलरच्या राज्यात बिचारे प्राध्यापक करणार तरी काय?’ हे ऐकून कान किटले, म्हणून हा धागा. हिटलरचा वकील हान्स फ्रँक याने जून १९३३ मध्ये म्युनिकला ‘जर्मन कायदा अकादमी’ काढली. समित्या, नियतकालिक, अधिवेशनं, सगळं रीतसर. नामवंत मंडळी आपणहून सभासद झाली. ३० जून १९३४ पासून दोन-तीन दिवसांत हिटलरने स्वपक्षातले आणि बाहेरचेही विरोधक विनाखटला मारून टाकले. १ ऑगस्टला कायद्याचा नामवंत प्राध्यापक कार्ल श्मिट याचा लेख छापून आला, मथळा ‘फ्यूरर (म्हणजे हिटलर) कायद्याचं रक्षण करतो’. ऑक्टोबर १९३६ मध्ये याच गृहस्थाने बर्लिनला परिषद भरवली. मागणी काय, तर ज्यू लेखकाचा हवाला दिलाच तर तो ज्यू आहे हे नमूद करा आणि ग्रंथालयात त्यांची पुस्तकं वेगळी काढा. तळटिपांतसुद्धा वंशशुद्धी! याला नाइलाज म्हणायचं?

सरळरेघ: राग समजला, पण अकादमीला तुम्ही फार मोठं करताय. तिचा ‘लोकसंहिता’ हा नवा दिवाणी कायदा कधी लागूच झाला नाही. १९०० सालची जुनी संहिता १९४५ पर्यंत टिकली. श्मिटवर एसएस या नाझी संघटनेचंच मुखपत्र डिसेंबर १९३६ मध्ये उलटलं आणि त्याची पक्षातली पदं गेली. खुद्द फ्रँकने १९४२ च्या उन्हाळ्यात विद्यापीठांतून कायद्याच्या राज्यावर भाषणं ठोकली (व्याप्त पोलंडचा कारभार हाकणाऱ्या माणसाने!), तर हिटलरने त्याला अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं. सत्ता गेस्टापो या गुप्त पोलिसांकडे होती. हे पंडित दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तू.

वकीलकाकू: सरळरेघ, जुनी संहिता टिकली हीच तर गोम आहे. कलमं न बदलता अर्थ बदलता येतो. ‘सद्भाव’, ‘सदाचार’ अशा मोघम शब्दांत वंशवाद भरला की झालं. त्या संहितेचं पहिलंच कलम सांगतं की माणसाला हक्क जन्मापासून मिळतात. कील विद्यापीठातल्या कार्ल लारेंझने १९३५ मध्ये त्याजागी सुचवलं की कायद्याच्या समाजाचा घटक तोच, जो राष्ट्रबांधव आहे आणि राष्ट्रबांधव तोच, ज्याचं रक्त जर्मन आहे. दोन वाक्यांत ‘माणूस’ गायब. त्याच वर्षी फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली: कलमात न बसणाऱ्या कृत्यालाही ‘निकोप लोकभावने’नुसार शिक्षा देता येईल. शोभेची वस्तू एवढं काम करत नाही हो.

नवशिका: पण न्यायशास्त्राच्या पेपरात आम्हाला जर्मन कायदेपंडित राडब्रुख आहे. तो १९४६ मध्ये म्हणतो की ‘कायदा म्हणजे कायदा’ या शिकवणुकीमुळे जर्मन वकील निःशस्त्र झाले. म्हणजे दोष विचारसरणीचा ना?

वकीलकाकू: राडब्रुखबद्दल आदर आहे, नाझींनी त्याला १९३३ मध्येच घरी बसवलं होतं. पण काकणभर चुकलाच तो. अक्षराला चिकटून राहिले असते तर पहिलं कलम पुरेसं होतं! १९३३ मध्ये युटरबोगच्या छावणीत परीक्षार्थी वकिलांना कवायत करायला लावायचे. तिथला फोटो आहे, प्रशियाचा न्यायमंत्री केर्ल उभा आणि शेजारी फासावर लटकवलेलं कायद्याच्या कलमाचं चिन्ह (§). ही कायद्याच्या अक्षराची पूजा?

सरळरेघ: ठीक. मग निपरडायचं काय करता? कायदेपंडित केल्सनला ज्यू म्हणून कोलोन विद्यापीठातून काढलं, तेव्हा तिथल्या कायदा विभागाचा डीन निपरडायने त्याच्यासाठी अर्ज लिहिला. विभागातल्या सहकाऱ्यांनी सह्या केल्या, फक्त श्मिटने नाही. तोच निपरडाय पुढे अकादमीत गेला आणि नाझींच्या कामगार कायद्यावर भाष्यही लिहिलं. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

तिरपागडा: ओवत नाही. अर्जाचे गुण देतो, भाष्याचे कापतो. आणि १९५४ मध्ये तो संघीय कामगार न्यायालयाचा पहिला अध्यक्ष झाला, तेही मांडा हिशोबात. लारेंझ तर युद्धानंतर म्युनिकला कायद्याच्या अन्वयार्थाची पद्धत शिकवत होता.

सरळरेघ: गुण मीही कापेन. पण श्मिटच्या रांगेत बसवणार नाही.