रविवारचा प्रश्न : चौथा कोण?

अमेय (बी-७०४): रविवारचा प्रश्न. फुटबॉलचा. प्रशिक्षक फाबियो कापेलोच्या २००५-०६ च्या युव्हेंटस या इटालियन संघातले चौघे पुढे आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) खेळायला आले. नावं सांगा. गूगल करायचं नाही.

रोहन (ए-३०१): त्रेझेगे! २०१४, एफसी पुणे सिटी.

स्नेहा (सी-१०२): म्युतू, २०१५, तोही पुणे. आणि देल पिएरो दिल्लीला.

अमेय: तीन झाले. चौथा?

देशपांडे काका: झाम्ब्रोता?

अमेय: काका, तो २०१६ मध्ये दिल्लीचा प्रशिक्षक होता. खेळाडू म्हणून विचारतोय.

सेक्रेटरी: टँकर आलाय. गेटजवळची पांढरी गाडी कोणाची आहे, त्वरित काढावी.

रोहन: हरलो. सांग.

अमेय: मानुएले ब्लासी.

रोहन: कोण??

अमेय: म्हणूनच विचारला! चिवितावेक्कियाचा, जन्म १९८०. मधल्या फळीतला. चेंडू हिसकावायचा आणि शेजारच्या आपल्या माणसाला देऊन मोकळं व्हायचं, एवढंच काम. रोमात तयार झाला, मग पेरुजा, पार्मा, युव्हेंटस, फिओरेंतिना, नापोली, पालेर्मो, लेचे, पेस्कारा, वारेझे. इटलीकडून ८ सामनेही खेळला.

देशपांडे काका: बँकेतल्या माणसाच्याही इतक्या बदल्या होत नाहीत. एवढा चांगला होता, तर टिकला का नाही कुठे?

अमेय: युव्हेंटसमध्ये समोर एमर्सन, नंतर विएरासुद्धा. जागा मिळणार कुठून? पण प्रशिक्षक प्रांदेलीला तो आवडायचा. आधी पार्माला त्याच्याकडे, मग २००६-०७ ला फिओरेंतिनात पुन्हा त्याच्याकडेच. त्या मोसमात १५ गुण कापले होते, तरी सहावे आले. नापोली नुकतीच वरच्या लीगमध्ये परतली तेव्हा हामशिक, गारगानोबरोबर मधली फळी यानेच सांभाळली.

स्नेहा: डोपिंगचं पण सांग ना. २००३ मध्ये नॅन्ड्रोलोन सापडलं होतं, बंदी आली होती. सगळंच गुळगुळीत नको.

अमेय: हो, पार्माला असताना. खरंय. पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. युव्हेंटसने २००४-०५ आणि २००५-०६, दोन्ही वर्षं लीग जिंकली. मग कॅल्चोपोली, म्हणजे क्लबच्या अधिकाऱ्यांनी फोन करून सोयीचे पंच नेमून घेतल्याचं प्रकरण. दोन्ही विजेतेपदं काढून घेतली आणि क्लब खालच्या लीगमध्ये. पहिलं कोणालाच दिलं नाही, दुसरं दिलं इंटर मिलान क्लबला.

रोहन: आणि इंटरमध्ये तेव्हा बचावपटू मातेराझी!

अमेय: बरोब्बर. पेरुजात ब्लासी आणि मातेराझी एकत्र होते, सेर्से कोस्मीच्या हाताखाली. त्याच मातेराझीने २०१५ मध्ये चेन्नईयिनचा प्रशिक्षक असताना ३५ वर्षांच्या ब्लासीला भारतात आणलं. ज्याच्या क्लबला याचं विजेतेपद मिळालं, त्यानेच याला दुसरं मिळवून दिलं म्हणा ना.

देशपांडे काका: फेडलं म्हणायचं. पण अमेय, कोर्टाने रद्द केलं म्हणजे रद्द. मैदानावर जिंकलं होतं वगैरे युव्हेंटसवाले अजून बोलतात, मला पटत नाही.

अमेय: काका, क्लबला शिक्षा झाली ते योग्यच. पण फोन लावणारे ऑफिसातले. बदली खेळाडूने आत येऊन दमछाक केली, त्याच्या हातात काय राहिलं?

स्नेहा: काकांच्या बाजूने. पगार राहिला 😄

निशा (ए-५०४): मी चेन्नईयिनची ती सेमीफायनल पाहिली होती! चेन्नईत पूर आला म्हणून पहिला सामना आपल्या बालेवाडीत हलवला होता. चेन्नई ३, कोलकाता ०. चेन्नईच्या मेंडोझाशिवाय काही आठवत नाही, खरं सांगते.

अमेय: ब्लासी आठवत नाही म्हणजे त्याचं काम नीट झालं असणार. नोव्हेंबरपर्यंत तो संघ तळाला होता, मग जिंकतच सुटला.

रोहन: आणि फायनल मडगावला, २० डिसेंबर. ८७व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे. फातोर्डा स्टेडियम नाचत होतं. मग ९०व्या मिनिटाला गोव्याच्याच गोलकीपर कट्टीमणीचा स्वयंगोल, आणि लगेच मेंडोझा. ३-२.

देशपांडे काका: म्हणजे ब्लासीचं लीगचं विजेतेपद कागदावर शिल्लक आहे ते फातोर्ड्याचं?

अमेय: माझ्या माहितीतलं तेच.

निशा: माझे मामा मडगावला असतात, त्या दिवशी स्टँडमध्ये होते. त्यांच्यासमोर हा विषय काढू नका, जेवण टाकून उठतात.