एचबीए१सी ८.७ आणि हिरड्यांतून रक्त : आधी शुगर की आधी दात?

गंगापूररोडकर
आईचं वय ६१, मधुमेह बरीच वर्षं. या वेळचं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ८.७. ब्रश केला की रक्त येतं, तोंडाला वास, खालचे पुढचे दोन दात हलतात. दातांच्या डॉक्टरांनी चार बैठकांत 'डीप क्लीनिंग' सांगितलंय. घरच्यांचं म्हणणं, साफ केले की दात आणखी हलतात, आधी शुगर खाली येऊ दे. गोळ्या : शुगरच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, रक्त पातळ करायची ७५ मिलिग्रॅमची. आधी काय करावं?

हिरडीवाला
दोन्ही एकाच वेळी. "शुगर खाली आली की दात बघू" म्हणत थांबण्यात हाड जातं, आणि एकदा गेलेलं हाड साफसफाईने परत येत नाही.

शुगर वाढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काम ढिलं पडतं, हिरडीतल्या कोलॅजेनची दुरुस्ती मंदावते, सूज लवकर उतरत नाही. उलट बाजूने, सुजलेल्या हिरडीतून दाह वाढवणारे पदार्थ रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. म्हणजे आईंच्या हिरड्या शुगरला वर ढकलत असणार आणि शुगर हिरड्यांना.

आता घरच्यांच्या शंकेबद्दल, कारण निम्मे पेशंट तिथेच अडतात. खालच्या पुढच्या दातांमागे लाळेतल्या कॅल्शियममुळे किटण सर्वांत जास्त साठतं. हाड खाली गेलेलं असतं, पण किटणाचा दगड सगळ्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. तो काढला की दात आहे तितका हलताना जाणवतो. सूज उतरते, हिरडी आक्रसते, फटी दिसतात, दोनेक आठवडे थंड पाणी झोंबतं. साफ करून दात ढिला झाला असं वाटतं ते यामुळे. सूज उतरली की बरेचदा हालणं थोडं कमीही होतं. फारच हलत असतील तर ते दोन दात शेजारच्यांना आतून बारीक तारेने बांधून घेता येतात.

डॉक्टरांकडून पॉकेटचा, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेल्या खोल फटींचा, चार्ट लिहून घ्या. बारीक खुणांची सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. ३ मिमीपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त म्हणजे पॉकेट. आत ५-६ मिमी असेल तर वरवरच्या अर्ध्या तासाच्या स्केलिंगने काही साधत नाही, बधीर करून मुळापर्यंत साफ करावं लागतं. चार बैठका म्हणूनच सांगितल्या असणार, एका वेळी तोंडाचा एक चतुर्थांश. शेवटच्या बैठकीनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. तो आकडा कमी झालेला दाखवा म्हणावं.

डायबेटिस_डाएट
वरच्यांशी सहमत. एक भर घालते, ग्लिमेपिराइड आहे म्हणून.

उपाशीपोटी पाठवू नका. नेहमीचा नाश्ता, नेहमीची गोळी आणि मग सकाळी दहा-साडेदहाची वेळ. गडबड पुढे होते. खालचा जबडा दोन-तीन तास बधीर राहतो, तोवर चावायला गेलं की गाल चावला जातो. म्हणून जेवण टळतं, गोळीचं काम चालूच असतं, आणि दुपारी शुगर कोसळते. ताक, मुगाचं कढण, कालवलेला मऊ भात आधीच करून ठेवा, कोमट असू द्या. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर ग्लुकोमीटरवर बघा; ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पर्समध्ये पुडी असावीच.

आणि अपेक्षा माफक ठेवा. २०२२च्या कोक्रेन आढाव्यानुसार (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) हिरड्यांच्या उपचाराने एचबीए१सी तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ने उतरतो. ८.७चा ७ त्यातून होणार नाही, पण हा फायदा नवी गोळी न वाढवता मिळतो. उपचारापूर्वीचा आकडा तुमच्याकडे आहेच. पुढचा शेवटच्या बैठकीनंतर तीन महिन्यांनी करा. महिनाभरात केला तर जुनीच शुगर त्यात मोजली जाते.

मेडिकल_काउंटर
७५ची गोळी स्वतःहून बंद करू नका. दातांच्या डॉक्टरांना फक्त सांगा, रक्त दाबून थांबवता येतं. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. तसं दिसलं तर फिजिशियनना विचारा, पर्यायी औषधं आहेत.

क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के (जंतुनाशक गुळणी, सांगितली असेल तर) : १० मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा, डॉक्टरांनी सांगितलेले दिवसच, साधारण दोन आठवडे. ब्रशनंतर अर्धा तास थांबून, कारण टूथपेस्टच्या फेसाने त्याचा जोर जातो. लोक बाटली संपली की दुसरी नेतात आणि मग दात तपकिरी झाले म्हणून येतात. पॉकेटच्या तळापर्यंत ते पोचतही नाही, त्यामुळे साफसफाईची जागा घेऊ शकत नाही. अँटिबायोटिकही प्रत्येकाला लागत नाही.

गंगापूररोडकर
आभार सगळ्यांचे. आई मिश्री लावते, हे लिहायचं राहिलं. बंद करायची का?

हिरडीवाला
हो, आजच. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त कमी येतं, आणि आतला आजार झाकला जातो. मिश्री असूनही रक्त येतंय म्हणजे सूज बरीच आहे. आणि बंद केल्यावर सुरुवातीला रक्त वाढलेलं दिसलं तर घाबरून पुन्हा सुरू करू नका.

त्याऐवजी मऊ ब्रश, केस हिरडीच्या कडेला तिरपे टेकवून जागच्या जागी हलवायचे, आडवं घासायचं नाही. फटींसाठी बाटलीब्रशसारखे छोटे इंटरडेंटल ब्रश मिळतात. फटीत जरा अडखळत जाईल असा आकार क्लिनिकमध्येच बसवून घ्या, पुढच्या आणि मागच्या दातांना बहुधा वेगवेगळा लागतो. रोज रात्री एकदा.

खर्चाची अडचण असेल तर नाशिकला पंचवटीतल्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत हिरड्यांचा विभाग आहे. वेळ जास्त लागतो, पण चार्ट व्यवस्थित करतात. मधल्या काळात पू, गालावर सूज किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.