सासूबाईंची कंबर: झटका न देणारी ऑस्टिओपॅथी चालेल का?

तासगावची सून
सासूबाई ६९ वर्षांच्या. गेल्या आठवड्यात बेदाण्याच्या शेडवर क्रेट उचलताना कंबरेत चमक भरली. तेव्हापासून कुशीवर वळतानाही कण्हतात. दोन वर्षांपूर्वी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोर उणे २.९, म्हणजे हाडं ठिसूळ, असं आलं होतं. शेजारच्या गावात एकजण कटकन आवाज काढून कंबर ‘बसवतो’. तिकडं मी नेऊ देत नाही म्हणून घरात धुसफूस चाललीय. सांगलीत एक ऑस्टिओपॅथीवाले, म्हणजे हातानं सांधे-स्नायू मोकळे करणारे, म्हणाले, आमची इनडायरेक्ट पद्धत, त्यात झटका नसतो. नेऊ का?

कुपवाडकर
माझी मान आखडली होती, तेव्हा असंच केलेलं. नुसती एका बाजूला कलती धरून ठेवली. तीन वेळा गेलो, मोकळी झाली. बिनधास्त न्या.

मिरजेची फिजिओ
दादा, तुमची मान आणि या आजींची कंबर एक नाही.

ताई, तुम्ही अडवलंत ते फार बरं केलंत. ठिसूळ हाडाला झटका देऊ नयेच. डायरेक्ट पद्धतीत सांधा जिथं अडतो तिकडंच रेटतात. इनडायरेक्टमध्ये उलट, अंग जिकडं सैल पडतं तिकडं न्यायचं आणि थांबायचं. त्यातली काउंटरस्ट्रेन मी रोज वापरते. अमेरिकेत ओरेगॉनच्या लॉरेन्स जोन्स या ऑस्टिओपॅथना ती १९५५ मध्ये सापडली, सरळ उभं राहता न येणाऱ्या एका पेशंटला आराम पडेल असं निजवताना. दुखरी जागा बोटाखाली धरते, त्या दुखण्याला दहा म्हणायचं. मग कंबर, पाय थोडे थोडे हलवत जाते. दुखणं तीनवर उतरलं की तिथंच ९० सेकंद. बोट जागेवरच, पण दाब नाही. हळूहळू ती दुखरी जागा बोटाखाली मऊ होते. परत आणायचं ते अगदी सावकाश, आणि पेशंटनं जरासुद्धा जोर लावायचा नाही. आपल्याकडच्या बायकांना हेच जड जातं, ‘राहू द्या, मीच उठते’ म्हणतात आणि स्नायू पुन्हा आखडतो.

पण तुमच्या सासूबाईंना आज यातलं काहीच करू नका. ठिसूळ हाडं, वजन उचलताना आलेली चमक आणि वळताना कळ, एवढ्यावरून मला मणका दबल्याची शंका येते. हाड मोडलेलं असेल तर हलकी पद्धतसुद्धा चालत नाही, पुढं वाकवणं तर नाहीच. आधी ऑर्थोपेडिककडं जाऊन एक्स-रे काढा. ताजी चीर त्यात कधी कधी दिसत नाही, मग डॉक्टर एमआरआय सांगतील. पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधे बधिर वाटलं किंवा लघवी अडली, नकळत झाली, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.

तासगावची सून
एक्स-रे झाला. कंबरेचा पहिला मणका पुढच्या बाजूनं दबलाय. पट्टा दिलाय, हाडांचं औषध सुरू केलंय. सासूबाई काल माझा हात धरून बसल्या होत्या. ऑस्टिओपॅथी कायमची बंद का?

मिरजेची फिजिओ
कायमची नाही. मणका भरल्यावर आजूबाजूचे स्नायू आखडलेले राहिले, तर ऑर्थोपेडिकनी हो म्हटल्यावर बघू. तोवर उठवताना आधी खांदा आणि कंबर एकदमच कुशीवर वळवा, पाय खाटेवरून खाली सोडा, मग त्यांना हातावर रेलून उठू द्या. उशाचा तांब्या कंबरेच्या उंचीवर ठेवा, वाकायला लागू नये.