प्रतिसाद: महालातल्या वाड्यातला प्रयोग

नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात, प्रेक्षकांनी खोल्यांतून फिरत बघायच्या नाटकाला एका वेळी 60 प्रेक्षक आत सोडायचा तुमचा बेत बदला. एवढ्या गर्दीत मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. मग गोष्टीच्या आत असल्यासारखं वाटणार कसं?

त्याऐवजी तीन खोल्या, प्रत्येकी 15 मिनिटं, आठ-आठ जणांची तुकडी. मध्ये 5 मिनिटं वस्तू जागेवर लावायला. दर 20 मिनिटांनी नवी तुकडी, 6 ते 9 मध्ये दहा तुकड्या, 80 तिकिटं. शेवटची तुकडी 9:55 ला बाहेर. स्पीकर 10 च्या आत बंद व्हायलाच हवा. तिकिटाचा दर ठरवताना निम्मीच तिकिटं विकली जातील असं धरा.

भिंतीवर चित्र टाकायला प्रोजेक्टर घेण्याआधी त्याचा थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) बघाच. 1.5 असेल तर 3 मीटर रुंद चित्राला 4.5 मीटर अंतर लागतं, म्हणजे प्रेक्षक मध्ये येणार आणि भिंतीवर त्यांच्याच सावल्या. 0.5 चा शॉर्ट थ्रो दीड मीटरवरून तेवढंच चित्र देतो. काळ्या पडद्यांनी खोली बंद केली की हवा कोंडते, प्रोजेक्टर तापून मध्येच बंद पडतो, एक्झॉस्ट लावाच. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नकोच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा.

आणि बाहेर पडायची दुसरी वाट पडद्याआड झाकू नका, ही कळकळीची विनंती.